नजरेसमोरचं काम

आमच्या आणि राजारामभावजींच्या खोलीच्या मधे फळ्यांची भिंत होती. भिंत म्हणायची आपली. पलीकडे कुणी जांभई दिली तर अलीकडे झोप यायची. त्यामुळे ते भांडण मी चोरून ऐकलं असं कुणी म्हणू नये. ते जवळजवळ आमच्याच घरात झालं.

भावजींचा धंदा काळाचौकीच्या आमच्या सगळ्या चाळीला ठाऊक. मंगळसूत्रं गाठून द्यायची. दोरा झिजला, मणी सुटले, वाट्या सैल झाल्या की बायका त्यांच्याकडे यायच्या. त्या दुपारी ते दोरा आणायला भुलेश्वरला गेले होते आणि नेमकी खालच्या मजल्यावरची एक बाई तुटलेलं मंगळसूत्र मुठीत धरून वर आली. संध्याकाळी तिला लग्नाला जायचं होतं. उर्मिला, म्हणजे भावजींची बायको आणि माझी मैत्रीण, तिला बोलली, "ठेव गो. तू जाऊन साडी नेस, मी करून ठेवतंय." आणि केलं तिने. नवऱ्याशेजारी बसून बसून तिचाही हात बसला होता. भावजी परत आले तेव्हा मंगळसूत्र ताटलीत तयार होतं.

त्यांनी उचलून बघितलं. मग विचारलं, "तू ओवत होतीस तेव्हा ती इथे होती?"

"नाय. साडी नेसूक गेली."

"म्हणजे तिच्या माघारी केलंस."

"माघारी म्हणजे काय? मी चोर आहे? एक मणी कमी निघाला तर माझ्या गळ्यातलं काढून देईन."

"नाही निघणार कमी. माहीत आहे मला. तरी तोड."

"येड लागला काय तुमका?"

"तोड म्हणतो ना. तिला बोलाव, समोर बसव. मी परत गाठतो."

उर्मिला चिडली. भांडी आपटली, पाण्याचं पिंप सुद्धा उगाच सरकवलं. भावजी आवाज चढवणारे नव्हते, पण त्या दिवशी चढला. "चांगलंच केलं असशील तू! पण तिने बघितलं नाही ना? मग तिने काय, जन्मभर मनात मोजत बसायचं?"

आणि खरंच तोडलं. ती बाई लग्नाला उशिरा पोचली आणि वाटेत आम्हा सगळ्यांना शिव्या देत गेली. मयूर, यांचा एकुलता एक मुलगा, तेव्हा शाळकरी होता. तो दारात बसून चपात्या खात होता. त्याने ते भांडण पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते.

भावजींचे वडील कोकणातून मुंबईला आले तेच गाठायची पेटी घेऊन. भावजींना मात्र पेटी नको होती. ते मिलमध्ये लागले. तिथे मागावरून लोखंडी टोकाचा धोटा उडाला आणि डाव्या डोळ्यावर बसला. त्या डोळ्याने पुढे उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. मग संप झाला, मिलही गेली आणि भावजी एका डोळ्यानिशी वडलांच्या पेटीकडे परत आले. लालबागला एका सोनाराच्या दुकानाच्या पायरीवर त्यांची जागा ठरली. गुडघे वर घेऊन बसायचं, दोऱ्याचा फास पायाच्या अंगठ्याला अडकवायचा, ताटलीत काळे मणी पसरायचे आणि तारेच्या सुईने उचलत जायचे. येणाऱ्या जाणाऱ्याचा धक्का लागला तरी दोरा ढिला पडायचा नाही. मी त्यांना म्हणायची, "भावजी, तुमचा अंगठा तुमच्या हातांपेक्षा हुशार आहे." ते म्हणायचे, "त्याला शाळेत घालायचा राहिला, वैनी. नाहीतर आज साहेब झाला असता."

त्यांची पद्धत ठरलेली. मंगळसूत्र हातात घ्यायच्या आधी पेटीतून हळकुंड काढायचं, पिवळा दोरा ओवलेलं. "बाई, हे बांधा आधी. उघड्या गळ्याने बसू नका." मग बाईला समोर बसवायचं. ती उठली की यांचे हात थांबायचे. तिला पोराला दूध पाजायचं असो, बस पकडायची असो, ती परत येईपर्यंत सुई हलायची नाही. काम झालं की मंगळसूत्र दोन्ही तळहातांवर घेऊन पुढे करायचं आणि म्हणायचं, "बघून घ्या." तिने बघितलं, गळ्यात घातलं, की हळकुंड परत पेटीत. कुणाकुणाच्या गळ्यातून जाऊन आलं होतं ते हळकुंड! त्या हळकुंडाएवढी आमच्या चाळीतल्या बायकांची माहिती दुसऱ्या कुणाला नसेल, अगदी मलाही नाही.

उर्मिला गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. तिच्या मंगळसूत्रातल्या दोन वाट्या भावजींनी तिच्याच एका चोळीच्या तुकड्यात बांधून ट्रंकेत ठेवल्या होत्या. मयूरने करी रोडला टॉवरमध्ये घर घेतलं. बापाला चल म्हणाला, पण भावजी गेले नाहीत. "तिथे वर जाऊन बसलो तर बायका मंगळसूत्र घेऊन लिफ्टमध्ये चढणार काय?" म्हणाले. मयूरची मुलगी ऋग्वेदा. एवढं मोठं नाव आजोबांना पेलायचं नाही, ते तिला नुसतं "ऋगू" म्हणायचे. ती फ्रॉकमध्ये होती तेव्हापासून त्यांनी सांगून ठेवलं होतं, "तुझं मंगळसूत्र मी गाठणार. आजीच्या वाट्या घालून." ती लहानपणी म्हणायची, "लगेच गाठा ना!" आम्ही हसायचो.

तिचं लग्न ठरलं आणि त्याच वर्षी भावजींचा तो एकच चांगला डोळा वाकडा चालायला लागला.

त्यांनी आधी कुणाला सांगितलं नाही. मलाच शंका आली. दारात उभी होते तर माझ्या कानाकडे बघून बोलत होते. मी म्हटलं, "भावजी, तोंड इकडे आहे माझं."

"तेच दिसत नाही ना, वैनी. कान दिसतात, अंबाडा दिसतो. मधलं तोंड कुणी पुसून टाकल्यासारखं."

"बरंच आहे की. म्हातारपणी बघण्यासारखं उरलंय काय त्यात?"

ते हसले, पण मग हळू आवाजात बोलले, "मणी पण तसाच दिसतो. आजूबाजूचे दिसतात. ज्याच्यात सुई घालायची तोच नसतो."

चष्म्याचा नंबर असेल म्हणत त्यांनी बरेच महिने काढले. बोटांच्या भरवशावर कामं करत राहिले, एका मंगळसूत्राला दुप्पट वेळ लागायचा. शेवटी मयूर आणि त्याची बायको अनुजा त्यांना डोळ्यांच्या हॉस्पिटलात घेऊन गेले.

तिथलं ते यंत्र मी नंतर बघितलं, म्हणून सांगू शकते. हनुवटी टेकवायची, कपाळ पट्टीला लावायचं आणि आत एका हिरव्या फुलीकडे बघत राहायचं. ना सुई, ना धक्का. डोळ्याच्या पाठीमागच्या पडद्याचा फोटो येतो, उभा कापल्यासारखा, थरावर थर. त्यांच्या पडद्याला मधोमध भोक पडलं होतं. ऑपरेशन करायचं ठरलं. परत आले तेव्हा भावजींच्या डोळ्यात औषध घातलं होतं, म्हणून ते गॅलरीत डोळे मिटून खुर्चीवर बसले होते. मी चहा घेऊन गेले.

त्यांनी मयूरला विचारलं, "डॉक्टरीण आत तुझ्याशी काय बोलत होती? मला बाहेर बसवून?"

"ऑपरेशनचं बोलत होती, बाबा."

"फोटोत काय निघालं?"

"भोक आहे. ते बुजवणार."

"मग मणी दिसतील?"

मयूरने अनुजाकडे बघितलं. अनुजा माझ्या हातातला कप घ्यायला वळली. मयूर बोलला, "दिसतील ना. का नाही दिसणार?"

मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. पोराने बापाला धीर दिला, एवढंच कळलं.

भावजी बोलले, "मग असं करतो. ऑपरेशनच्या आधी ऋगूचं गाठून टाकतो. आता जमतंय तेवढं चाचपत करीन. ऑपरेशन म्हणजे काय, इकडचं तिकडे व्हायचं."

"कशाला डोळ्याला ताण देता आता?" मयूर म्हणाला. "ऑपरेशन झालं की स्वच्छ दिसेल. मग आरामात गाठा. लग्न वैशाखात आहे, घाई काय?"

"हो बाबा," अनुजा म्हणाली. "आणि वाट्या द्या ना, पॉलिश करून आणतो. काळवंडल्या असतील."

भावजी उठायला लागले. "चल, मी पण येतो."

"या उन्हात? डोळ्यात औषध घालून? सोनाराकडेच जायचंय, बाबा, चोरबाजारात नाही."

आता इथे थांबून सांगते. हा माणूस आयुष्यात कुणाचं सोनं मालकाच्या नजरेआड घेऊन गेला नव्हता आणि कुणाला नेऊ दिलं नव्हतं. सोनार दुकानातून हाक मारायचा, "राजाराम, ते आत दे, वजन करतो," तर हे बाईला म्हणायचे, "बाई, तुम्ही पण आत चला." त्या दिवशी मात्र त्यांनी मला ट्रंक उघडायला लावली, चोळीचा तुकडा चाचपून काढला आणि मुलाच्या हातात दिला. उघडून बघितला सुद्धा नाही. मुलगा होता ना.

होळीच्या जरा आधी ऑपरेशन झालं. डोळ्यात हवा भरली होती. तो बुडबुडा वर चढून भोकावर दाबून राहायला हवा, म्हणून तोंड सतत खाली ठेवायचं. बसताना खाली, झोपताना पालथं, जेवताना ताट मांडीवर. भावजी गॅलरीत स्टुलावर उशा रचून त्यात कपाळ घालून बसायचे. लोकांना वाटायचं, म्हाताऱ्याला कुणी शिक्षा केली. काहीच दिसत नव्हतं, सगळं धूसर, त्यामुळे ते माणसं पायांच्या आवाजावरून ओळखायला लागले.

"या वैनी. टाचांना तेल लावा, चिरा पडल्यात."

"तुम्हाला दिसतंय तर!"

"दिसत नाही. लादीवर घासतायत, खाली दुसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू जातंय."

वरच्या मजल्यावरचे धोंडूमास्तर येऊन म्हणायचे, "काय राजाराम, जमिनीत काय सापडलं का?" भावजी उशीतूनच म्हणायचे, "तुझी अक्कल शोधतोय. बारीक आहे, वेळ लागणार."

असं हसतखेळत चाललं होतं, पण सोपं नव्हतं. मान आखडायची. श्वास कोंडायचा. एकदा मी सरबत घेऊन गेले तर बघते, कपाळ उशीवर तसंच, पाय मात्र पुढे पसरलेले, अंगठ्याला दोऱ्याचा फास आणि दोन्ही हात गाठ मारतायत. मणी नाही, वाटी नाही, नुसता दोरा. गाठ मारायची, सोडायची, परत मारायची.

"हे काय चाललंय?"

"बोटं विसरायला नकोत. तिची शेवटची गाठ अशी मारीन वैनी, की नातवंडं होईस्तोवर दोरा बदलायला नको."

अनुजा आत भाजी चिरत होती. तिने हे ऐकलं. सुरीचा आवाज थांबला आणि परत सुरू झाला.

पाडवा झाला. हवा जिरत आली. डोळ्यापुढचं धुकं कडेने निवळलं, पण मधलं पुसलेलं पुसलेलंच. मयूर म्हणायचा, हळूहळू येईल. भावजी म्हणायचे, हळूहळू येईल. पुन्हा दाखवायची तारीख आली तेव्हा मयूर आणि अनुजा लग्नाच्या पत्रिका वाटायला गेले होते. म्हणून मी गेले बरोबर, टॅक्सीने.

परत ते यंत्र, परत हिरवी फुली. मग डॉक्टरीणबाईंनी आत बोलावलं. पोरसवदा होती, बोलायला गोड. टेबलावरच्या पडद्यावर दोन फोटो लावले, आधीचा आणि आत्ताचा. "काका, भोक मस्त बुजलंय. ऑपरेशन छान झालं."

"मग बाई, मणी कधी दिसतील?"

"कसले मणी?"

मीच सांगितलं मग. धंदा काय, नातीचं लग्न, सगळं. तिने हातातलं पेन खाली ठेवलं.

"काका, बारीक काम आता नाही जमणार. पण हे मी तुमच्या मुलाला आधीच सांगितलं होतं. ऑपरेशनच्या आधी."

"काय सांगितलं होतं?"

"पहिल्या फोटोतच दिसत होतं. डोळ्याच्या पडद्याच्या तळाला एक पांढरी रेघ असते. ती सलग असेल तर भोक बुजल्यावर नजर येते. तुमची मधे मोडलेली होती, बरीच. भोक जुनं होतं ना. अशा पुष्कळ लोकांचे फोटो आम्ही कॉम्प्युटरला दिलेत. कुणाची रेघ किती मोडली होती आणि नंतर त्याला किती दिसलं, ते ताडून तो अंदाज सांगतो. अंदाज कधी चुकतो पण. तुमच्या बाबतीत आशा फारच कमी होती."

भावजी पडद्याकडे तोंड करून बसले होते. मग माझ्याकडे वळले, म्हणजे माझ्या कानाकडे. "वैनी, तुम्हाला दिसतंय का ते? काय आहे?"

मी चष्मा सारखा केला. मला त्यातलं काय कळणार? पण जे दिसलं ते सांगितलं. "पहिल्यात मधोमध विहिरीसारखा खड्डा आहे, भावजी. दुसऱ्यात खड्डा भरलाय. वर गुळगुळीत झालंय."

"आणि रेघ?"

"खाली आहे. पांढरी. दोन्हीकडून येते आणि मधे नाही."

"पहिल्यात पण मधे नाही?"

"पहिल्यात पण नाही."

त्यांनी तोंड परत टेबलाकडे केलं. मग डॉक्टरीणबाईंना विचारलं, "मग डोळा उघडलात कशाला, बाई?"

"भोक वाढत गेलं असतं, काका. आता कडेची नजर आहे ती टिकेल. जिना उतराल, रस्ता ओलांडाल." तिचा चेहरा उतरला होता. "तुमचा मुलगा बोलला, मी बाबांना माझ्या पद्धतीने सांगतो."

"सांगितलं त्याने," भावजी बोलले. "त्याच्या पद्धतीने."

टॅक्सीत भारतमाता सिनेमाचा सिग्नल आला तेव्हा भावजी बोलले, "ऑपरेशनच्या आधी मी गाठलं असतं, वैनी. चाचपत, दोनदा चुकून, उसवून. पण गाठलं असतं. अजून सुईचं टोक कळत होतं."

संध्याकाळी मयूर, अनुजा आणि ऋग्वेदा तिघंही आली. मी माझ्या खोलीत होते. फळ्या जुन्याच. मला वाटलं, आता आवाज चढेल, तो जुना आवाज. चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

"मयूर, फोटोत काय निघालं होतं?"

"बाबा, तुम्हाला धीर यावा म्हणून..."

"मी धीर मागितला नव्हता. फोटोत काय आहे ते विचारलं होतं."

"ऑपरेशनला नाही म्हणाला असतात तुम्ही."

"नसतो म्हणालो. पण आधी ऋगूचं गाठलं असतं." मग थांबून, "वाट्या आण. बघू दे हातात."

शेवटी ऋग्वेदाच बोलली, रडवेली होऊन. "आजोबा, त्या शोरूममध्ये दिल्या. नवीन बनवलंय. बारीक मण्यांचं, छोटं, ऑफिसला घालता येईल असं. सोनं तेच आहे. आजीचंच आहे."

"कधी दिल्या?"

"पाडव्याच्या आधी," अनुजा बोलली.

"मी पालथा पडलो होतो तेव्हा."

"बाबा, तुम्ही तेवढी आशा लावून बसला होतात, कसं सांगायचं?"

"ऋगू, तुला माहीत होतं? डोळ्याचं?"

तिचं न बोलणं फळीतून सुद्धा ऐकू आलं मला.

मग भावजींनी फक्त एवढंच म्हटलं, "जा आता. पत्रिका वाटायच्या असतील."

मयूर बाहेर गॅलरीत आला. मी दारातच होते, लपायला जागा कुठे आहे आमच्याकडे? तो बोलला, "मावशी, तुम्ही तरी समजवा. तुम्ही असता तर तुम्ही सांगितलं असतंत का तोंडावर? खरं सांगा."

मी म्हटलं, "मला माहीत असतं तर सांगितलं असतं की नाही, देव जाणे. मी पण या चाळीतलीच. पण वाट्या मी नसत्या वितळवल्या. आणि लहानपणी तू चपाती खात बसला होतास ना, तेव्हा कान बंद होते काय तुझे?"

त्याला आठवलं असणार. कारण तो तसाच चपला घालून गेला, आणि चपला बापाच्या घालून गेला. सकाळी अनुजाने परत आणून दिल्या.

ही पोरं वाईट नाहीत, हेही लिहायला हवं. औषधपाणी, डबा, कशात कमी केलं नाही. आमच्याकडे सगळेच असं करतात. आमच्या ह्यांच्या शेवटच्या आजारात डॉक्टरने माझ्या दिराला बाहेर बोलावलं होतं आणि दिराने आत येऊन ह्यांना सांगितलं होतं, "ॲसिडिटी आहे." सगळी चाळ ॲसिडिटी म्हणत राहिली. ह्यांना सुद्धा ठाऊक होतं आणि ते सुद्धा आमच्यासाठी ॲसिडिटीच म्हणत राहिले. पण ह्यांचं काही करायचं राहिलं नव्हतं. भावजींचं राहिलं होतं, आणि वेळ अजून हातात होता तेव्हा तो पोटच्या पोराने गोड बोलून काढून घेतली.

लग्न झालं, दादरच्या हॉलमध्ये. भावजी आले. धोतर, कोट, टोपी, सगळं व्यवस्थित. पुढच्या रांगेत बसवलं होतं. मंगळसूत्र बांधायची वेळ आली आणि त्यांनी मान वळवून तोंड दुसरीकडे फिरवलं. व्याह्यांकडच्या बायका कुजबुजल्या, म्हातारा रुसलाय. मयूर लाल झाला. मला माहीत होतं, त्यांना आता काही बघायचं असलं तर तोंड फिरवावं लागतं. मधे दिसत नाही, कडेने दिसतं. ते बघत होते की खरंच तोंड फिरवून बसले होते, हे मात्र मलाही सांगता येणार नाही. मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

त्यानंतर ते मुलाशी बोलायचे, म्हणजे हो, नाही, जेवलास का, एवढं. डोळ्यात औषध घालायचं मात्र मयूरच्या हातून बंद केलं. माझ्या दारात येऊन बसायचे, मान वर करायचे. "घाला, वैनी. आणि कोणतं घालताय ते वाचून दाखवा." माझी चौथीपर्यंतची शाळा तेवढ्याला पुरायची. एकेक अक्षर लावून बाटलीवरचं नाव वाचायची, आणि पुरं वाचून होईपर्यंत त्यांचा डोळा उघडायचा नाही.

पेटी त्यांनी विकली नाही. लालबागच्या पायरीवर आता कुशाबा बसायचा. तो पूर्वी समोरच्या फुटपाथवर बसायचा, दोघांचं जन्माचं वाकडं. भावजी एक दिवस काठी टेकत त्याच्याकडे गेले आणि बोलले, "माझी जागा घे. माझी गिऱ्हाइकं पण घे. पण मी आणीन तेव्हा माझ्या पद्धतीने करायचं." कुशाबा म्हणाला, "तुझी पद्धत म्हणजे बाईला तासभर ताटकळत ठेवायचं." "हो, तेच." तेव्हापासून चाळीतल्या कुणाचं मंगळसूत्र तुटलं की ती भावजींच्या दारात यायची. ते पेटीतून हळकुंड काढून द्यायचे, काठी घ्यायचे आणि तिच्याबरोबर चालत लालबागला जायचे. काम कुशाबा करायचा. हे शेजारी बसायचे, बाईला उठू द्यायचे नाहीत. शेवटी तयार मंगळसूत्र कुशाबाकडून घेऊन, तळहातांवर ठेवून, स्वतः पुढे करायचे.

मागच्या श्रावणात ऋग्वेदा आली. लग्नानंतर ती सणावारी यायची, पण आईबापाबरोबर. त्या दिवशी एकटीच होती, ऑफिसातून सरळ. रुमालात काहीतरी गुंडाळलेलं. तिच्या त्या बारीक मण्यांच्या मंगळसूत्राचा दोरा पर्सच्या पट्ट्यात अडकून तुटला होता. मी डोळ्यात औषध घालायला तिथेच होते, म्हणून बघितलं. त्याच आठवड्यात भावजी झोपेतच गेले, म्हणून त्या दिवशीचं त्यांचं लालबागला जाणं शेवटचं ठरलं. तेव्हा ते कुणाला ठाऊक नव्हतं.

ती बोलली, "आजोबा, शोरूममध्ये ठेवून घेत होते. आठवड्याने देतो म्हणाले. मी नाही दिलं."

भावजींनी मान थोडी वळवून तिच्याकडे बघितलं.

"आजोबा, अजून रागावलात माझ्यावर?"

त्यांनी पेटी ओढली, चाचपून हळकुंड काढलं. "हे बांध आधी. उघड्या गळ्याने जिना उतरू नको."

तिने बांधलं. मलाही त्यांनी चला म्हटलं, कडेच्या नजरेवर जिन्याच्या पायऱ्या उतरताना त्यांना माझा खांदा लागायचा. लालबागला गर्दी होती, गणपतीचे दिवस जवळ आलेले. कुशाबाने मणी ताटलीत घेतले. मधे ते छोटं पदक होतं, आजकाल घालतात तसं. भावजींनी ते हातात मागितलं. अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून एकदा फिरवलं. उर्मिलाच्या वाट्या कशा होत्या ते त्या बोटांना पाठ होतं, आणि हे तसं नव्हतं. त्यांनी ते कुशाबाला परत दिलं.

मधेच ऋग्वेदाचा फोन वाजला. ती उठायला लागली तशी काठी आडवी आली. "बस. थांब रे कुशाबा." कुशाबाचा हात थांबला. ती फोन बंद करून परत बसली. मग परत सुरू. कुशाबाने शेवटची गाठ मारली, तेव्हा भावजींची बोटं मांडीवर आपोआप हलली.

तयार झालेलं त्यांनी दोन्ही तळहातांवर घेतलं आणि तिच्यापुढे धरलं. "बघून घे."

तिने घेतलं. नुसतं गळ्यात घालणार होती, पण थांबली. मणी बोटांनी सरकवत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितलं, सावकाश, आपल्या आजीच्या वेळी बायका बघायच्या तसं. मग म्हणाली, "बघितलं, आजोबा."

"घाल मग."

तिने मंगळसूत्र घातलं आणि हळकुंड सोडून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी दोरा गुंडाळून ते पेटीत टाकलं, झाकण लावलं आणि कुशाबाला म्हणाले, "दोरा चांगला वापरतोस ना रे? भुलेश्वरचाच ना?"

"तू आणायचास त्याच दुकानातला," कुशाबा म्हणाला. "आता निघ, गिऱ्हाइकं खोळंबलीयत."

भावजींनी काठी घेतली, माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि आम्ही घरी आलो.